दसऱ्याची दाढी

आमच्या घरात एक जपानी वस्तरा आहे आणि त्याची बडदास्त जावयासारखी ठेवली जाते. त्याला ओल चालत नाही, दमट हवा चालत नाही, बोटांचा घाम चालत नाही. वापरून झाला की तो आधी मऊ कापडाने टिपायचा, मग कोरड्या कापडाने पुसायचा, मग तेलाचा अगदी पुसट हात फिरवायचा आणि मगच लाकडी पेटीत निजवायचा. पेटीत ओल शोषणाऱ्या पुड्या असतात. त्या माझ्या नवऱ्याने चपलांच्या खोक्यांतून, औषधांच्या बाटल्यांतून आणि एकदा तर मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांच्या नव्या बॅगेतून काढून जमवल्या आहेत. मला ताप आला तर हा माणूस "गोळी घेतलीस ना?" एवढं विचारून कामाला जातो. वस्तऱ्यावर पाण्याचा थेंब राहिला तर रजा टाकेल.

नवरा इंदूरच्या पोलोग्राउंड भागातल्या एका लहानशा कारखान्यात देखभालीचा इंजिनिअर आहे. तिथला एक सहकारी यंत्रांच्या प्रशिक्षणासाठी जपानला निघाला तेव्हा त्याने सगळ्यांना काय आणू म्हणून विचारलं. बाकीच्यांनी अत्तरं आणि चॉकलेटं सांगितली. आमच्या माणसाने वस्तरा सांगितला, तोही जुन्या पद्धतीचा. आपल्याकडचा न्हाव्याचा वस्तरा मिटतो, हा मिटत नाही. पातं आणि दांडी एकाच लोखंडाची, दांडीवर वेताची पट्टी गुंडाळलेली. पात्याच्या दोन बाजू सारख्या नसतात, एक खोलगट असते आणि दुसरी सपाटशी. दाढी करताना त्यातली एकच बाजू कायम गालाकडे ठेवायची, पातं उलटायचं नाही, असा नियम. ती बाजू कोणती, यावरून इंटरनेटवर दोन तट आहेत आणि माझा नवरा दोन्ही तटांचा सभासद आहे.

या नियमाचा अर्थ असा की उजव्या हाताने उजवा गाल छान होतो. डाव्या गालासाठी मात्र हात डोक्यावरून पलीकडे न्यावा लागतो. आरशासमोरचा नवरा स्वतःची पाठ खाजवू पाहणाऱ्या माणसासारखा दिसायचा. कामाला जाताना गालावर कापसाचे बोळे, खिशात तुरटी. दोष मात्र कधी हाताचा नसे, नेहमी धारेचा असे. "धार बिल्कुल सही नाही आली यार, फिर से लावतो," असं म्हणून तो पुन्हा दगडांकडे वळायचा.

ते दगड बाथरूममधल्या बादलीत भिजत पडलेले असायचे आणि अंघोळीला दुसरी बादली नसायची. एक दगड जाड कणांचा, एक बारीक, एक त्याहून बारीक. ते आधी एकमेकांवर घासून सपाट करायचे, मग त्यांच्यावर दुधासारखं पाणी काढायचं, मग पातं पाठीसकट आडवं टेकवून हळूहळू ओढायचं, एका बाजूने जास्त, दुसऱ्या बाजूने कमी. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचं. तो पट्टा पहिल्यांदा देवघराच्या भिंतीच्या खिळ्याला लटकला, तेव्हा सासऱ्यांनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं. पट्टा त्याच दिवशी गॅलरीत गेला. धार बघायला नवरा माझ्या कंगव्यातले केस घ्यायचा. केस तुटला की आनंद, नाही तुटला की मी कोणतं तेल लावते याची चौकशी.

मी दातांची डॉक्टर आहे. तुकोगंजला माझा दवाखाना आहे आणि माझा सगळा दिवस लोकांच्या डोक्यामागे उभं राहून जातो. आरशासमोरची ती कसरत पाहून मला जे पहिल्या दिवशीच दिसलं ते मी त्याला सांगितलं, की हे हत्यार स्वतःच्या दाढीसाठी नाहीच. कुणाला तरी खुर्चीत बसवायचं, आपण मागे उभं राहायचं, तेव्हाच ती एक बाजू नीट दोन्ही गालांवर बसते. तो म्हणाला, "तुला स्टीलमधलं काय कळतं?" मी सांगलीची आहे. इंदूरला सून होऊन आल्यापासून मी पुष्कळ ऐकून घ्यायला शिकले आहे, पण तेव्हा मी त्याची बादली उचलून गॅलरीत नेऊन ठेवली.

आता सासऱ्यांबद्दल. बाबा वीज खात्यातून निवृत्त झाले. त्यांचे आजोबा होळकरांच्या दप्तरात होते आणि घरातली शिस्त तेव्हापासून बदललेली नाही. दाढी वाढलेला माणूस म्हणजे निलंबित झालेला माणूस, असं त्यांचं ठाम मत. सुतकाचे दिवस सोडले तर दाढीशिवाय त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं. ताप असो, रविवार असो, बाहेर कर्फ्यू असो, चहाच्या आधी दाढी. आणि मग त्यांचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, वयाने होतं. कपात चहा अर्धाच भरला तर चहाचं जमलं, सही थोडी लांबट झाली तर बँकेचं जमलं. दाढीचं जमेना. एके सकाळी ते बाथरूममधून हनुवटीला टॉवेल दाबून बाहेर आले आणि त्यानंतर त्यांनी दाढीचं सामान कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिलं.

आम्ही उपाय केले नाहीत असं नाही. विजेवर चालणारं यंत्र आणलं. ते गालावर भुंगा सोडल्यासारखं वाटतं, असं ते म्हणाले, आणि त्यांच्या सैल कातडीवर खरोखरच लाल चट्टे उठले. मग त्यांना कोपऱ्यावरच्या नव्या सलूनमध्ये नेलं. तिथे कानठळ्या बसवणारं गाणं चालू होतं आणि खुर्चीमागच्या माणसाने त्यांच्या डोक्याला न विचारता मालीश सुरू करत सल्ला दिला, "अंकलजी, दाढ़ी रख लो, स्मार्ट लगोगे." बाबा गळ्यातलं कापड सोडून, नीट घडी करून, घरी आले. शेवटी नवऱ्याने जपानी वस्तरा काढला. दाढी करता करता तो जपानी पोलाद कसं तापवतात ते सांगत होता, आणि पाणी देण्यापर्यंत आला असताना बाबांची हनुवटी कापली गेली. बाबा उठले. एक गाल गुळगुळीत आणि एक गाल वाढलेला अशा अवस्थेत ते पुढचे काही दिवस घरात वावरले, दोन्हीकडची दाढी सारखी होईपर्यंत.

त्यांनी बाहेर जाणं बंद केलं. बेल वाजली की आतल्या खोलीत जायचे. दूधवाल्यासाठी दार उघडायची वेळ आलीच तर तोंडाला मफलर गुंडाळायचे, आणि हे भर ऑक्टोबरच्या उन्हात. दूधवाला मला काळजीने म्हणाला, "भाभीजी, बाबूजी को ठंड बहोत लगती है." मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं, कारण जो माणूस रोज संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून फिरायला जायचा तो आता खिडकीच्या पडद्याच्या फटीतून रस्ता बघत होता.

आणि दसरा जवळ येत होता. बाबांचे एक जुने मित्र मल्हारगंजात राहतात, वीज खात्यात शेजारच्या टेबलावर होते. ते बाबांपेक्षा थोडे मोठे, म्हणून दसऱ्याला सोनं घेऊन त्यांच्याकडे जायचं ते बाबांनी. यात कधी खंड पडला नव्हता. या वर्षी फोनवर त्यांनी सांगितलं की दिवाळीनंतर ते मुलीकडे पुण्याला जाणार आहेत, कायमचे, घर विकायला काढलंय. "तर या दसऱ्याला नक्की ये रे बाबा. फिर कधी भेट होईल, कुणाला माहीत."

बाबा फोनवर "हो हो" म्हणाले. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "दसऱ्याला माझी तब्येत बरी नाही, असं सांगून टाक."

मी म्हटलं, "तब्येत तर बरी आहे बाबा."

"दसऱ्याला बिघडेल," ते म्हणाले.

मला त्यांचा राग आला. मनात म्हटलं, हट्टाला काही सीमा? पण रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या लक्षात आलं, की त्यांच्या लेखी हा हट्ट नव्हताच. ज्या माणसाने त्यांना जन्मभर टापटीप पाहिलं, त्याला शेवटचं दर्शन निलंबित माणसाचं द्यायचं, हे त्यांना जमणार नव्हतं. दसऱ्याआधी त्यांची दाढी झाली नाही तर ते जाणार नव्हते, आणि दोन म्हातारे पुन्हा भेटणार नव्हते.

मी दुसऱ्या दिवशी फुगे आणले. फुग्याला साबणाचा फेस लावायचा आणि वस्तऱ्याने तो काढायचा, हा हात बसवायचा नवऱ्यानेच सांगितलेला उपाय. त्याचे स्वतःचे फुगे फटाफट फुटायचे. मी हॉलमध्ये, बाबा पेपर वाचत बसतात तिथे समोरच, फुगा गुडघ्यांत धरून बसले. पहिला फुटला. बाबांनी पान उलटलं. दुसरा फुटला. बाबांनी पेपर खाली केला. मग मी फुगा खुर्चीच्या पाठीला बांधला आणि दवाखान्यात उभी राहते तशी त्याच्या मागे उभी राहिले, करंगळी टेकवून हात पक्का केला, आणि फुगे फुटायचे थांबले. पुढचे काही दिवस हाच कार्यक्रम चालला. बाबा पेपर वाचायचे, पण त्यांचं पान फार वेळ उलटत नसे.

"हे कुणासाठी चाललंय?" त्यांनी एकदा विचारलं.

"सराव आहे."

"दात सोडून दाढ्या करायला लागणार का आता तुकोगंजात?"

"एकच गिऱ्हाईक आहे," मी म्हटलं.

त्यांनी पेपरची घडी केली. मग म्हणाले, "दसऱ्याला बघू." मी आतल्या खोलीत जाऊन नवऱ्याला सांगितलं. त्याला आनंद झाला आणि थोडा हेवाही वाटला. त्याने वस्तऱ्याला पुन्हा सुरुवातीपासून धार लावली.

खंडेनवमीला नवरा कारखान्यात होता, तिथेही यंत्रांची पूजा असते. घरची पूजा बाबा करतात. पाटावर त्यांचे जुने स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर, विळी, कात्री, आणि दरवर्षीप्रमाणे माझ्याकडून मागून घेतलेला दात काढायचा चिमटा. मी दुपारी घरी आले तेव्हा पूजा झालेली होती. पाटाच्या अगदी मधोमध, पेटीतून काढून, तो वस्तरा ठेवलेला होता. त्याच्यावर पाणी शिंपडलेलं, गंध, हळद, कुंकू, अक्षता, आणि वर एक टपोरा ओला झेंडू. हात थरथरत असल्याने हळदीकुंकू सढळ पडलं होतं. मला तर फार बरं वाटलं. वर्षानुवर्षं स्क्रू ड्रायव्हरची पूजा करणाऱ्या माणसाने पोराच्या खुळाला पाटावर जागा दिली होती. माझा चिमटा स्टेनलेस स्टीलचा, त्यावर कुंकू कितीही राहिलं तरी काही होत नाही, त्यामुळे मला दुसरं काही सुचलंच नाही.

संध्याकाळी नवरा आला, पाटाकडे बघितलं, आणि बुटांसकट तिथेच उभा राहिला.

"बाबा, हा वस्तरा..."

"शस्त्र आहे ना?"

"आहे, पण पाणी... मतलब, जरासा पुसून घेऊ का? कुंकू राहू देतो."

"पूजा झालेल्या वस्तूला उद्या उत्तरपूजेपर्यंत हात लावायचा नाही," बाबा म्हणाले. "हे तुला माहीत आहे."

त्याला माहीत होतं. तो जेवला नाही नीट. टीव्ही बघताना त्याची मान सारखी पाटाकडे वळत होती. एकदा तो लांबूनच पंखा पाटाच्या दिशेने फिरवायला गेला, तर समई विझेल म्हणून बाबांनी तो बंद करायला लावला.

दसऱ्याच्या सकाळी बाबांनी अक्षता टाकून पाट हलवला आणि झेंडू उचलला. झेंडूच्या खाली पात्यावर झेंडूच्याच रंगाचा डाग होता. कुंकवाच्या खाली आणखी. नवऱ्याने माझा दवाखान्यातला भिंगाचा चष्मा डोक्याला अडकवला, खिडकीत जाऊन धार बघितली आणि वस्तरा नि चष्मा माझ्या हातात दिला. मीही बघितलं. टोकाकडच्या धारेला बारीक बारीक खड्डे पडले होते, किडलेल्या दातासारखे.  नवऱ्याला वडिलांना बोल लावता येत नव्हता आणि बोलल्याशिवाय राहवतही नव्हतं.

बाबा आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने बघत होते. "गंज?" त्यांनी विचारलं.

"थोडा," नवरा म्हणाला.

"पाण्याने?"

"आणि कुंकवाने. झेंडूने पण."

बाबा आत निघून गेले. मला वाटलं आता पुन्हा मफलर गुंडाळतील. ते बाहेर आले ते बादली घेऊन, दगडांची, जी मी गॅलरीत टाकली होती. "किती वेळ लागतो याला?" त्यांनी विचारलं. "मला चारला निघायचंय."

मग आमच्या मोरीत दसऱ्याच्या दिवशी कारखाना लागला. नवरा जाड दगडावर गंजलेली धार घासून काढत होता, मी भिंगाचा चष्मा लावून थोड्या थोड्या वेळाने खड्डे राहिलेत का ते सांगत होते. दगड मधूनमधून कोरडा पडायचा आणि नवऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले. बाबा स्टुलावर येऊन बसले आणि वाटीतलं पाणी बोटांनी दगडावर सोडू लागले. त्यांच्या थरथरत्या हातातून पाणी असं सारखं, बारीक शिंपडलं जात होतं की नवरा सवयीने म्हणाला, "बाबा, एकदम परफेक्ट, असंच राहू द्या."

"माझ्या हातात आहे का ते," बाबा म्हणाले. आणि आम्ही तिघंही हसलो. हाताविषयी घरात पहिल्यांदाच कुणीतरी मोठ्याने बोललं होतं.

श्रीखंड-पुरीचं जेवण उशिरा झालं. पण केस तुटला. कंगव्यातला नव्हे, नवऱ्याने मोठ्या मनाने स्वतःचा दिला.

दाढीच्या वेळी बाबांनी मुलाला बाहेर जायला सांगितलं. "तू बोलतोस," ते म्हणाले. तो गॅलरीत जाऊन उभा राहिला आणि काचेतून बघत राहिला. मी बाबांना आरामखुर्चीत बसवलं, गरम पाण्याचा टॉवेल ठेवला, फेस लावला, आणि मागे उभी राहिले. इतक्या वर्षांत मी या माणसाच्या पायांना हात लावला होता, नमस्कार करताना. गालाला कधीच नाही. डाव्या हाताने कातडी ताणली तर ती फार मऊ लागली. सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "दुखलं तर डावा हात वर करा."

"उजवा चालेल का? तो आपोआप होतो," बाबा डोळे मिटून म्हणाले.

"बोलू नका."

एवढं जोरात मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. ते खरंच गप्प बसले. उजवा गाल झाला, पातं न उलटता डावा झाला. हनुवटीवर नवऱ्याने केलेली जुनी खूण होती, तिच्या बाजूने हळूच गेले. गळ्याशी आले तेव्हा त्यांनी मान मागे टाकून माझ्या हातावर टेकवली, पूर्ण भार देऊन, आणि मला त्यांची फार माया आली. माया येण्याची ती वेळ नव्हती, वस्तरा गळ्यावर होता. मी श्वास रोखून ते काम पुरं केलं. तुरटी फिरवली तेव्हा कुठेही झोंबलं नाही. बाबांनी आरसा मागितला, आरसा हातात थरथरत होता म्हणून मी तो धरला. ते बराच वेळ बघत राहिले.

"नाकाखाली राहिलंय थोडं," ते म्हणाले. त्यांचं समाधान झालं की ते चूक काढतात. मी ते राहिलेलंही काढलं.

मल्हारगंजात गाडी आतपर्यंत जात नाही. लांब उभी करून आम्ही तिघं गल्लीतून चालत निघालो. बाबा पुढे, इस्त्रीचा शर्ट, हातात आपट्याच्या पानांची जुडी, मफलर नाही. दुकानदार हात करत होते. "काय बाबूजी, बहोत दिन बाद? कहाँ थे?"

"यहीं थे भिया," बाबा म्हणत होते, आणि चाल काही कमी करत नव्हते.

मित्राच्या घरात खोकी बांधून ठेवलेली होती. ते पलंगावर बसले होते, आवाज ऐकून त्यांनी मान वळवली, पण आम्ही उभे होतो त्याच्या जरा बाजूला. बाबा वाकले, पानं त्यांच्या हातात दिली. ती घ्यायला त्यांनी हात पुढे केला तोही थोडा चुकलाच. मग त्यांना न्यायला पुण्याहून आलेल्या त्यांच्या मुलीने आम्हाला हळूच सांगितलं की वर्षभरात त्यांची नजर जवळजवळ गेली आहे, आणि तुम्हाला सांगायचं नाही असं त्यांनीच बजावलं होतं. रोज फोन करणाऱ्या दोन मित्रांनी एकमेकांना ना डोळ्यांचं सांगितलं होतं ना हाताचं.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मला कळलं त्याच्या मनात काय आलं, कारण तेच माझ्या मनात आलं होतं. फुगे, दगड, गंज, एवढं सगळं केलं आणि समोरच्या माणसाला दिसतच नाही. मला हसावं की रडावं कळेना.

पण मित्राने पानं बाजूला ठेवली, दोन्ही हात वर केले आणि बाबांचा चेहरा चाचपला. कपाळ, मग दोन्ही गाल, मग हनुवटी. त्यांचे तळवे गालांवर थोडा वेळ थांबले. "अजून तसाच आहेस," ते म्हणाले. "अगदी ऑफिसला निघाल्यासारखा."

बाबांनी तोंड मागे घेतलं नाही. त्यांचा थरथरता हात मित्राच्या गुडघ्यावर होता. मित्राने तो चाचपून धरला आणि विचारलं, "हे कधीपासून?" मग दोघांची एकमेकांना न सांगितलेली यादी बराच वेळ चालली. आम्ही स्वयंपाकघरात मुलीला खोकी बांधायला मदत केली.

परत येताना बाबा मागच्या सीटवरून खिडकीबाहेर बघत होते. नवऱ्याने पुण्याच्या हवेचं काहीतरी काढलं आणि मी त्याला डोळ्यांनी गप्प केलं. पोलोग्राउंडच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा बाबांनी घसा साफ केला.

"आपल्याकडून पुण्याला रात्रीची गाडी असते ना?"

"असते," नवरा म्हणाला.

"तिच्यात वस्तरा नेऊ देतात का?"

मला नियम माहीत नव्हता. "देतात बाबा," मी म्हटलं.

"मग दवाखाना किती दिवस बंद ठेवता येईल ते बघ," ते मला म्हणाले.